टोपडं बसतंय का

लेकीचं पहिलं बाळंतपण माझ्याकडे, विश्रांतवाडीला झालं. नात झाली. बारशाच्या आधीच मी तिच्यासाठी फिकट पिवळ्या लोकरीचं टोपडं क्रोशानं विणलं. साधंच होतं. मधोमध साखळीचा गोल, त्याभोवती खांबांच्या फेऱ्या, कडेला बांधायला दोन बंद. धुतल्यावर मी ते तांब्यावर चढवून वाळवायची, म्हणजे आकार बिघडत नाही.

बारशाला ते सैल होतं. मग थोड्याच दिवसांत कपाळावर वळ उठायला लागला. बाळं वाढतातच, म्हणून मी जरा मोठं दुसरं विणलं. तेही बघता बघता कानांच्या वर चढलं. लेकीनं हसून विचारलं, आई, हात घट्ट झाला का तुझा आता? मलाही तेच वाटलं. रागारागानं तिसरं विणायला घेतलं, मुद्दाम जाड सुईनं.

वाघोलीहून तिच्या सासूबाई आल्या. नातीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, आमच्या घराण्यात सगळ्यांचीच डोकी मोठी. ते मला लग्नाच्या बैठकीतच कळलं होतं, पण मी गुपचूप चहा ठेवला. मालीश करणाऱ्या बाईही खूश होत्या. रोज टाळूवर तेल घालायच्या आणि सांगायच्या, इतक्या लवकर भरलेली टाळू पाहिली नाही, नशीबवान पोर आहे. त्या गेल्यावर मी हलकेच बोट ठेवून पाहिलं. माझ्या दोन्ही मुलांची टाळू मी स्वतः भरली आहे. ती मऊ असते, जराशी खोल, आत ठोके लागतात. ही वर आली होती, ताणलेली होती.

तरी मन मानेना. पहिलं टोपडं कपाटातून काढलं आणि तांब्यावर चढवलं. पूर्वी बसायचं तसंच बसलं. लोकर आटली नव्हती आणि माझ्या हातालाही काही झालं नव्हतं.

पाळण्यात नात जागी होती. वाकून पाहिलं, तर तिची बुबुळं खालच्या पापणीकडे उतरलेली, वरचं पांढरं उघडं पडलेलं. दोन-चार दिवस ती दूध ओकत होती आणि आम्ही बाळघुटी उगाळत बसलो होतो.

लेक आंघोळ करून आली.

"हिचं डोकं फारच भराभर वाढतंय गं," मी म्हणाले. "आत्ताच डॉक्टरांकडे जाऊ."

ती भडकली. माझी जीभच काळी आहे, असं म्हणाली. पण बोलता बोलता तिनं कपडे बदलले.

डॉक्टर आधी गप्पा मारत होते. मग डोक्याभोवती मापाची टेप लावली, आकडा वाचला आणि पुन्हा टेप लावली. नातीच्या डोक्यात पाणी साचत होतं. ऑपरेशन करून ते पोटात उतरवणारी बारीक नळी बसवली. ही नळी कधीही तुंबू शकते. उलट्या, सुस्ती, डोक्याचा आकार, सगळ्यावर लक्ष ठेवा, असं बजावून आम्हाला घरी सोडलं.

घरी आल्यावर लेकीनं लोकरीची पिशवी माझ्यापुढे ठेवली.

"आई, आताच्या मापाचं कर. एक टाकाही जास्त नको. घट्ट झालं की लगेच कळेल."

लेकरू भराभर वाढावं म्हणून लोक नवस बोलतात. मी मात्र एकेक खांब घालताना मनात म्हणत होते, बाई गं, थोडे दिवस वाढू नकोस. असलं मागणं मागताना माझी मलाच भीती वाटली.

तेव्हापासून रोज सकाळी लेक आतल्या खोलीत तिला ते टोपडं घालते आणि तिथूनच मला सांगते, "बसतंय." मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असते. तेवढं ऐकू येईपर्यंत माझं लाटणं पुढे सरकत नाही.

गेल्या आठवड्यात एका सकाळी ती काहीच बोलली नाही. मी हाक मारली नाही. गॅस बंद केला, दवाखान्याची फाईल घेतली आणि चपला घातल्या.