बांगड्याचा डोळा
बांगड्याचा वास आला की मालवणातला तो छोटा डिझाइन स्टुडिओ आठवतो. मी नववीतून शाळा सोडून लातूरहून आलेला; कधी काढून टाकतील ही धास्ती कायम. खानावळीच्या बोर्डासाठी काढलेला बांगडा गिऱ्हाइकाने “खावचोसो वाटणा नाय” म्हणत तीनदा परत केला होता. हात चालेनासा झाला होता. दारात मासे विकायला आलेली काकी स्क्रीनकडे बघून म्हणाली, “डोळो पांढरो कित्याक रे? असलो शिळो बांगडो कोण खातलो?” मी मासा फक्त शिजलेलाच, पांढऱ्या डोळ्याचा पाहिला होता. तिने टोपलीतला ताजा बांगडा माझ्या टेबलावर ठेवला. त्याचा डोळा काळाभोर होता, तसाच काढला. ते चित्र बघून स्टुडिओचे मालक एवढंच म्हणाले, “उद्या आदी बंदरार जाऊन मासे बघ, मगे कामाक ये.” उद्याही काम आहे, या दिलाशात काकीचे आभार मानायचे राहिले, ते आज इथे मानतो.