भिंतीवरची दुसरी मुलगी

“आधी पाणी द्या हो. घसा वाळलाय.” कुठल्याही घरी गेलं, की आमच्या नर्सबाई उंबऱ्याशी टेकून हेच म्हणायच्या. तहान कसली! दोन घोट घेऊन तांब्या खाली ठेवायच्या. पाणी द्यायला सून बाहेर येते आणि तांब्या धरलेली तिची नखं दिसतात, हे त्यांचं गुपित मला वर्षभराने कळलं. नखं पांढरी, म्हणजे अंगात रक्त नाही.

नव्वद सालानंतरची ती वर्षं. मी आरोग्य खात्यासाठी गावोगाव भिंती रंगवायचो, आणि बाईंबरोबर घरोघरीही जायचो. रहिमतपूरच्या बाजूला एका चावडीच्या भिंतीवर मी छोटं कुटुंब काढलं. आईबाप, एक मुलगा, एक मुलगी. तुम्हीही पाहिली असतील अशी चित्रं. झोकात जमलं होतं, खोटं कशाला बोलू?

समोरच्या घरातल्या सुनेला तीन मुली. तिसऱ्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती, आणि पुन्हा दिवस राहिले तर जिवावर बेतेल असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुलं बंद होण्याचं ऑपरेशन करायचं का, असं बाईंनी आधी तिलाच विचारलं.

“मला पोरींसाटी जगायचंय,” ती हळूच म्हणाली. “पर सासूबाई ऐकत न्हाईत.”

सासूबाईंनी थेट माझ्या भिंतीकडे बोट केलं. “आवं, सरकारच्या चित्रात बी पोरगा हाय. मग आमीच का थांबायचं?”

बाईंनी वळून भिंतीकडे पाहिलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “म्हातारीचं काय चुकलं? आपणच तिला तसं सांगितलंय.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी मुलगा पुसून तिथे आणखी एक मुलगी काढली. चित्र कुणाच्या सांगण्यावरून बदललं, असा वरच्या कार्यालयातून खुलासा मागवला गेला. “माझं नाव लिहा,” बाई म्हणाल्या.

सासूबाई चित्रासमोर येऊन उभ्या राहिल्या. “आमच्या धाकटीवानी दिसतीया,” एवढंच बोलल्या. बाई दर आठवड्याला त्यांच्यापाशी बसत राहिल्या, बहुतेक वेळ नुसतं ऐकत. महिन्याभराने सुनेला ऑपरेशनला घेऊन सासूबाई स्वतःच आल्या.

निवृत्तीच्या आधीच बाई आजारपणात गेल्या. वाईला त्यांच्या घरच्यांना भेटायला गेलो, ओसरीवर बसलो. पाणी मागितलं. आतून तांब्या घेऊन आली ती चावडीसमोरची तीच सून. मुलींना घेऊन सकाळीच आली होती.

माझी नजर आपसूक तिच्या नखांवर गेली. चांगली लालसर होती. बाईंना सांगावं म्हणून मी वळलो, तर शेजारी कुणी नव्हतं.