सात नंबरचा बिल्ला

मांडवीच्या शिवलकरांच्या घरात पोटासाठी आभाळाकडे बघणारा हरिश्चंद्र हा पहिलाच. त्याचा बाप लवू तीस वर्षं बोटीवर खलाशी होता. डिप्लोमा झालेला मुलगा घाटावरच्या एका विमानतळावर लागला. मनोऱ्यात बसायचं आणि विमानांना उतरायची-उडायची परवानगी द्यायची, असं काम. लवूनं नारळ फोडला आणि एवढंच विचारलं, "पाळी किती तासांची रे?"

"आठ तासांची."

"आमची चारची असायची. त्याच्या पुढं माणूस दिवा बगतो, पण दिवा हाय ह्ये त्याच्या डोक्यात शिरत नाय."

हरिश्चंद्र हसला. त्यांच्याकडे लेखी नियम होता. एक पाळी संपली की बारा तास विश्रांती, त्याआधी त्या माणसाला पुन्हा बसवायचं नाही. नियम टाइप करून मनोऱ्याच्या भिंतीवर लावला होता. फक्त तो सहा माणसांच्या हिशेबानं केलेला होता आणि मनोऱ्यात माणसं होती चार.

चारांतले दोघे कोकणातले. एक हरिश्चंद्र, दुसरा खेडचा काशीराम मोरे. वर्षभर दोघे मुकाट पाळ्या ओढत. पण शिमग्याला पालखी दारात येणार आणि घरचा मुलगा खांदा द्यायला नाही, हे दोघांनाही सोसत नसे. रजा मात्र एका वेळी एकालाच मिळे. म्हणून त्यांनी आपसात वाट काढली होती. काशीरामकडे पालखी एक दिवस आधी येई. तो आपली रात्रपाळी टाकून खेडला निघायचा. हरिश्चंद्र आपली दुपारची पाळी संपवून ती रात्र बसून काढायचा आणि वहीत काशीरामची सही ठोकायचा. मग सकाळी रजा लागली की रत्नागिरीची एसटी धरायचा. पुढं काशीराम त्याची एक रात्र फेडायचा. बाकीच्या दोघांना हे ठाऊक होतं. ते बोलत नसत, कारण त्यांच्याही घरी लग्नं, बारशी होतीच.

चौऱ्याऐंशी सालच्या मार्चमध्ये असंच झालं. हरिश्चंद्र दुपारी दोनला मनोऱ्यात चढला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उतरणार होता. आदल्या दोन दिवसांतही मिळून सात-आठ तासच झोप झाली होती.

पहाटे साडेतीनला वायरमन केरू जिना चढून आला. केरू लांज्याकडचा, पन्नाशीचा. धावपट्टीच्या कडेचे चार दिवे गेले होते, ते टपालाचं विमान यायच्या आत बदलायचे होते. तिथली पद्धत साधी होती. धावपट्टीवर जाणाऱ्यानं आपला पितळी बिल्ला मनोऱ्यात द्यायचा. वरच्या माणसानं तो समोरच्या खिळ्याला अडकवायचा. काम झालं की तो परत न्यायचा; खिळ्याला बिल्ला आहे तोवर विमानाला उतरू द्यायचं नाही.

"काय साहेब, शिमग्याला जाताव ना? डोळं बगा, आताच गुलाल खेळल्यासारखं लाल झालंत."

"सकाळची एसटी आहे. तू नाही जात?"

"माजी रजा तुमच्या पालखीनं खाल्लीन," केरू हसला. हरिश्चंद्र एका हातानं वहीत वाऱ्याची नोंद करत होता. दुसऱ्या हातावर केरूनं बिल्ला ठेवला. "खिळ्याला लावा हां साहेब. नायतर मला कोन शोधायचा नाय."

"हो, जा."

चार वाजून वीस मिनिटांनी वैमानिकाचा आवाज आला. हरिश्चंद्रनं खिळ्याकडे पाहिलं. खिळा रिकामा होता. धावपट्टी मोकळी आहे, उतरा, असं त्यानं सांगितलं. विमान उतरलं. वैमानिकानं काही वेगळं कळवलं नाही. सहाला सकाळचा माणूस आला, त्यानंही खिळ्याकडे पाहून ताबा घेतला. हरिश्चंद्र एसटीत बसला आणि आंबा घाट कधी उतरला ते त्याला कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मथुरा, त्याची बायको, विहिरीवर कपडे धूत होती. ओल्या हातानं ती घरात आली.

"अहो, सदऱ्याच्या खिशात हे काय? दगडावर आपटलं तेव्हा कळलं."

पितळी बिल्ला. सात नंबर.

हरिश्चंद्र तो बघत उभा राहिला. बिल्ला खिशात टाकल्याचं त्याला आठवेना. केरूचं हसणं आठवत होतं, वही आठवत होती. मधली ती एक हालचाल कुणीतरी कापून नेल्यासारखी गेली होती.

"केरू दिवे बदलून परतही गेला असेल," तो म्हणाला. मथुरानं काही विचारलं नव्हतं.

दुपारी काशीराम आला, खेडहून थेट. हातात त्याच्या नावाची तार होती. ताबडतोब हजर व्हा. त्यानं पोस्टातून ट्रंक कॉल लावून बाकीचं काढून घेतलं होतं. विमान अंगावर येताना बघून केरूनं उडी मारली असावी, ती कडेच्या सिमेंटच्या गटारात. डोकं फुटलं. विमानाला ओरखडाही नव्हता. सकाळी साडेसहाला झाडूवाल्याला तो दिसला, तेव्हा बेशुद्ध, पण जिवंत होता. इस्पितळात नेईपर्यंत संपला.

"दोन तास पडून होता?" हरिश्चंद्रनं विचारलं.

"ते सोड. माझं ऐक, हऱ्या. वहीत सही माझी आहे. मी म्हणतो, मीच होतो. मी बारा तास विश्रांती घेऊन बसलो होतो, माझ्यावर बोट नाही. खिळ्याला बिल्ला नव्हता, हे सकाळच्या माणसानंही पाहिलंय. म्हणजे केरू न सांगता गेला. संपलं. तू दुपारची पाळी करून गावी आलास."

"आणि केरू?"

"केरूचं जायचं ते गेलं. आता आपलं कशाला घालवतोस?"

हरिश्चंद्रनं खिशातून बिल्ला काढून त्याच्या पुढ्यात ठेवला. काशीरामनं तो उलटून नंबर पाहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "जेटी चार पावलांवर आहे. फेकून ये."

पडवीत लवू जाळं विणत बसला होता. त्यानं मान वर केली. "हरी, पाळी कुनाची व्हती?"

"याची. बसलो मी."

"किती तास?"

"बिल्ला हातात आला तेव्हा चौदावा चालू होता."

म्हातारा पुन्हा जाळ्याकडे वळला.

हरिश्चंद्र खरंच जेटीवर गेला. भरती होती, माणसं पालखीला गेल्यामुळे जेटी ओस होती. बिल्ला मुठीत गरम झाला होता. नोकरी गेली तर म्हातारा, मथुरा, सगळं घर कशावर चालणार, हे त्याला नीट दिसत होतं. काशीरामचं घरही दिसत होतं. त्यानं हात मागे नेला. 'मला कोन शोधायचा नाय.' केरू थट्टेत बोलला होता, आणि तसंच झालं होतं. खिळा रिकामा, म्हणून दोन तास कुणी त्याला शोधलं नाही.

तो परतला तेव्हा ढोल गल्लीत आले होते. मथुरा खण-नारळाचं ताट घेऊन दारात उभी होती. काशीरामनं त्याची मूठ बघितली आणि ओळखलं.

"माझंही वाटोळं करतोयस, एवढं लक्षात ठेव."

"ठेवतो."

पालखी दारात नाचली. शिवलकरांच्या बाजूचा खांदा शेजारच्या रघूनं दिला. हरिश्चंद्र आणि काशीराम रात्रीच्या एसटीनं निघाले.

चौकशीला तीन साहेब होते. हरिश्चंद्रनं बिल्ला टेबलावर ठेवला आणि दोन पानी जबाब दिला. त्यात महिनाभराच्या सगळ्यांच्या पाळ्या तासांनिशी मांडल्या होत्या, चार माणसांत सहांचं काम कसं बसवलं जातं तेही लिहिलं होतं. मधल्या साहेबांनी पानं चाळली.

"त्या रात्री तुम्हाला कुणी सक्तीनं बसवलं?"

"नाही."

"म्हणजे मर्जीनं बसलात. मग थकव्याचा प्रश्न येतो कुठं?"

अहवालात एक ओळ आली: कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा, तसेच खोटी सही. हरिश्चंद्रची नोकरी गेली, काशीरामचीही. भिंतीवरचा नियम होता तिथंच राहिला. केरूच्या नावापुढं मात्र 'परवानगीने कामावर असताना' असं लिहिलं गेलं, म्हणजे घरच्यांना भरपाई लागू झाली.

भरपाईचं पत्र केरूच्या घरी पोचलं का, हे बघायला हरिश्चंद्र मे महिन्यात लांज्याला गेला. केरूची बायको गोदा अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होती. त्यानं नाव सांगितलं. तिनं तांब्याभर पाणी आणून दिलं आणि तो पिईपर्यंत थांबली.

"त्या रातीला तुमीच व्हताव?"

"हो."

"जागं व्हताव?"

हरिश्चंद्रनं तांब्या खाली ठेवला.

"डोळे उघडे होते," तो म्हणाला.

गोदानं तांब्या उचलला, उरलेलं पाणी अंगणात ओतलं आणि पुन्हा बिया पसरायला बसली.