निजवणारी

कडेगाव तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात रेश्माची वस्ती. चौदा घरं. वडील जयराज फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. रेश्मा सांगलीला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि सुट्टीतही घरी जायला टाळाटाळ करायची. ती आठ वर्षांची असताना तिची चुलती लीलाबाई झोपेतच गेली होती. वस्तीवर अशा मरणाला नाव होतं, निजवणारी. ती पावसाळ्यात येते, एखाद्याला निजवते आणि जाते, असं बायका म्हणायच्या. मोठ्यानं मात्र कुणी म्हणत नसे.

प्रीती मॅडमनी वर्गाला काम दिलं : आपल्या तालुक्यातले आरोग्याचे सर्वांत महत्त्वाचे तीन प्रश्न शोधा. रेश्माची यादी तयारच होती. रक्तदाब, मधुमेह, बायकांमधला रक्तक्षय. ग्रंथालयातून आकडे तेवढे उतरवून आणायचे होते.

ग्रंथपाल भरतेश सरांनी तिला मागच्या खोलीत नेलं. तिथं खालच्या फळीवर जुन्या विद्यार्थिनींनी गावोगाव केलेल्या सर्वेक्षणांच्या वह्या होत्या.

"तुझ्या गावाच्या तीन आहेत," ते म्हणाले. "कुणी मागितल्याचं मला तरी आठवत नाही."

पहिली वही १९९७ची. मृत्यूंच्या पानावर लिहिलं होतं : 'तानुबाई, वय ३५. झोपेत मृत्यू, कारण अज्ञात. पहाटे पोटात दुखले. पापण्या उचलेनात, असे म्हणाली.' दुसरी वही आठ वर्षांनंतरची, अक्षर वेगळं. बावीस वर्षांचा पोरगा, रात्री जेवून धडधाकट झोपलेला. पोटात दुखणं, आणि पुन्हा तेच : पापण्या उचलेनात. रेश्मानं मागंपुढं पानं चाळली. तीन वह्यांत मिळून सात माणसं. सगळी जमिनीवर झोपलेली, सगळी श्रावण-भाद्रपदातली. एकमेकींना कधीही न भेटलेल्या मुलींनी तेच शब्द लिहून ठेवले होते.

तिसऱ्या वहीत लीलाबाई होती. नोंदीखाली एक ओळ : 'शेजारी आठ वर्षांची पुतणी झोपली होती. तिला काही झाले नाही.'

रेश्मानं ती ओळ दोनदा वाचली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी तिनं मागं वळून बघितलं. तिला ती सकाळ आठवली. दारातून उजेड आत आला होता आणि चुलती विचारत होती, "रेश्मे, उजाडलं का गं? मला दिसंना." रेश्मा "व्हय" म्हणाली होती आणि कूस बदलून परत झोपली होती.

ती उठली आणि विषबाधेवरचं पुस्तक शोधून काढलं. मण्यार सापाच्या पानावर सगळं होतं. उंदरांच्या मागं रात्री घरात शिरतो. अंथरुणातल्या माणसाला चावतो. दुखत नाही, सूज येत नाही, खूणही सापडेलच असं नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटतात, मग श्वास बंद पडतो.

मॅडमना तिनं यादी दिली तेव्हा पहिल्या ओळीत सर्पदंश होता.

"साप कुणी बघितलाय?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम. एकदाही नाही."

मॅडमनी सातही नोंदी वाचल्या. मग म्हणाल्या, "आधी घरी जा. वस्तीवर सगळ्यांना सांग. अहवाल नंतर दे."

जयराजनी लेकीचं ऐकून घेतलं. "फौजेत आमी खाटंवर मच्छरदाणी खोचून निजायचो," ते म्हणाले. "हितं घरात कशाला, म्हनून कवा मनावरच घेतलं न्हाई." दुसऱ्याच दिवशी त्यांनी विट्याहून मच्छरदाण्या आणल्या. रेश्मा घरोघर फिरली. काहींनी ऐकलं. काही बायकांनी मधेच थांबवलं, "तिचं नाव नगो काढू."

भाद्रपदात एका सकाळी हॉस्टेलवर फोन आला. वस्तीवर घराशेजारच्या दादासोची बायको सोनम होती.

"ह्यांच्या पोटात दुखतंय, आन् डोळंच उघडनात. सासूबाई म्हंत्यात देवऋष्याला बोलवा."

"वहिनी, कुणालाही बोलवू नका. १०८ला फोन करा. मण्यार चावलाय असं डॉक्टरांना सांगा. माझ्या वडिलांना गाडीत बरोबर घ्या."

तालुक्याच्या दवाखान्यात दादासोला सापाच्या विषावरची लस मिळाली, पण तोवर श्वास मंदावला होता. सांगलीला आणून त्याला चार दिवस यंत्रावर ठेवलं. पाचव्या दिवशी त्यानं डोळे उघडले. घरच्यांनी सगळं घर उचकटून बघितलं. साप सापडला नाही, कातसुद्धा नाही. त्याच्या अंगावर डॉक्टरांनाही खूण दिसली नाही.

रेश्मा भेटायला गेली तेव्हा तो उशाला टेकून चहा पीत होता.

"एक सांगू का तुला," तो हळू आवाजात म्हणाला. "समद्यास्नी वाटलं मी बेसुद हाय. पर मला समदं ऐकू येत हुतं गं. आई रडत हुती. गाडीत कोन तरी म्हनलं, गेला ह्यो. मी वरडत हुतो आतनं, पर बोट सुदीक हालंना."

रेश्मानं त्याच्या हातातला कप घेऊन खाली ठेवला. लीलाबाईला दवाखान्यात कुणी नेलंच नव्हतं. पावसाचा रंग बघून वडिलांनीच घाई केली होती आणि दुपारच्या आत तिला अग्नी दिला होता.

"हे आणखी कुणाला बोललाय का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"माझ्या वडिलांना सांगू नका."