हिरवी साल

कसबा बावड्यात आमच्या दारावरून एक म्हातारा रोपांचा गाडा न्यायचा. बोलता बोलता खांद्यावरच्या टॉवेलनं पानं पुसायचा. त्याच्याकडून मी गुलाबी मुसांड्याचं झुडूप घेतलं.

"वैनी, थंडीत सगळी पानं गळत्याल. मेलं म्हणून उपटू नगासा. नखानं साल खरवडून बघा. आत हिरवं हाय तवर जित्तं हाय की!"

पौषात नुसत्या काड्या राहिल्या. सासूबाई म्हणाल्या, "सणाच्या तोंडावर दारात वाळकं नको." म्हाताऱ्याचं बोलणं त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही. मीच झुडूप उपटलं आणि मग साल खरवडली. आत हिरवं होतं, पण मुळं तुटली होती.

"झाड बरं हाय न्हवं?" तो रोज विचारायचा. मी होकारार्थी मान हलवायची.

वैशाखात म्हणाला, "फुललं असंल की! दावा तरी."

मी फाटक उघडलं नाही. त्यानंतर त्यानं कधी विचारलं नाही.