मोटरच्या बाजूनं बघितलं तर

हे मी कुणापाशीच बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी तर नाहीच — तिला आधी ब्लोअर म्हणजे काय, इथपासून सांगत बसावं लागलं असतं. पण ते काही खरं कारण नव्हे. उगाच काऊन कारणं देऊ? जीभ रेटत नव्हती, बस.

आजही सरळ सांगता येईल की नाही, कुणास ठाऊक. बसा थोडं.

मी चंद्रपूरच्या एमआयडीसीत, ब्लोअर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात आहे. घुग्घुसकडे सिमेंटची धूळ ओढायला, सिंदेवाही-वडशाच्या राईस मिलमध्ये कोंडा ओढायला जे मोठे पंखे लागतात, ते आम्ही करतो. गोगलगाईच्या शंखासारखं पत्र्याचं कवच, आत पात्यांचं चाक. मधून हवा ओढायची आणि गरगरा फिरवून कडेच्या तोंडातून बाहेर फेकायची. माझं काम कॉम्प्युटरवर. पत्रा कापायच्या आधीच पंखा सॉफ्टवेअरमध्ये चालवून बघायचा — हवा किती देतो, वीज किती खातो. पडद्यावर लाल-निळे रंग उमटतात आणि ऑफिसात सगळे त्यांना देवाचा कौल मानतात. मीही मानायची.

विलासभाऊ आमचा डिझाइनवाला. वयानं मोठा, आवाजानं त्याहून मोठा. हिवाळा आला की वडशाच्या झाडीपट्टी नाटकांत विनोदी पार्ट करायचा, आणि उरलेलं वर्ष आमच्या ऑफिसात. रोज सकाळी मला हाक — "का वो बाई, झाली का तुयी रंगपंचमी?" सगळे फिदीफिदी हसायचे. मला राग यायचा. वरवरचा नाही हो, आतून यायचा. शिक्षण माझं जास्त आणि टाळ्या याला?

तर एका राईस मिलसाठी त्यानं नव्या वळणाची पाती काढली. मग काय, उठता-बसता त्याच्या तोंडी तोच पंखा. याच्या डोक्यात हवा गेली, असं मी चहा पिताना म्हणालेसुद्धा. नंतर तो पंखा माझ्याकडे आला. मी चालवला. हवा कमी, वीज जास्त! मी रिपोर्ट दिला. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं — हे पण कारणच झालं, नाही का? जाऊ द्या. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याला झाडलं. डिझाइनचं काम काढून घेतलं आणि गावोगाव पंखे बसवायला, साईटवर धाडलं. रंगपंचमीची हाक बंद झाली.

पुढे एकदा, दुसऱ्या कामासाठी मी तीच फाईल उघडली.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. चाक उजवीकडे फिरतं की डावीकडे, हे नेहमी मोटरच्या बाजूनं उभं राहून सांगायचं. विलासभाऊनं तसंच सांगितलं होतं, बाण काढून. आणि मी बघितलं होतं समोरून, हवा शिरते त्या तोंडाकडून. म्हणजे मी त्याचं चाक उलटं फिरवलं होतं! घरातला छताचा पंखा उलटा फिरवला तर वारा वर जातो, लगेच कळतं. या पंख्याचं तसं नाही. हा उलटा फिरला तरी हवा कडेच्या तोंडातूनच बाहेर येते, फक्त कमी येते. मग शंका यावी तरी कशी?

मी दिशा बदलली. परत चालवलं. बाप्पा! आमच्या कारखान्यातल्या सगळ्या पंख्यांहून सरस होता तो. आता उठायचं, साहेबांच्या केबिनमध्ये जायचं, दोन वाक्यं बोलायची. उठले का मी? उठले ना — पाणी प्यायले, आणि परत जागेवर येऊन बसले. फाईल बंद केली.

तुम्ही म्हणाल, घाबरली असेल. नोकरीला? छे. साहेब दोन दिवस ओरडले असते आणि विसरले असते. मला विलासभाऊचा आवाज परत ऑफिसात नको होता. इतकं साधं होतं ते, आणि इतकं घाणेरडं.

त्या हिवाळ्यात आम्ही सगळे त्याचं नाटक बघायला वडशाला गेलो. त्यानं आपल्या पार्टात स्वतःच घुसडलं — "माया पंख्यानं त मच्छर बी नाई उडत!" मंडप हसून लोटपोट. त्यानं आमच्याकडे हात केला. मीही हसले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

इथेच संपलं असतं तर किती बरं होतं. पण नाही ना. दुसऱ्या मिलची ऑर्डर आली तेव्हा मी त्याचीच पाती घेतली. काहीसुद्धा न बदलता — नाही, हे खोटं बोलले. कडेची एक गोलाई बदलली, त्याला ओळखू येऊ नये म्हणून. खाली माझं नाव टाकलं. साहेबांनी पेढे वाटले. आणि तो पंखा बसवायला सिंदेवाहीला कोण गेलं असेल?

दुपारी त्याचा फोन आला. मागे पंख्याचा घोंगाट. नेहमीसारखा ओरडूनच बोलत होता, "बाई, तोंडासमोर हात धरून राह्यलो ना, हात मागं ढकलते! लय भारी हवा हाये तुया पंख्याची!" मग म्हणाला, "म्या बी असंच वळण काढलं होतं वो. पण कॉम्प्युटर थोडी खोटं बोलते? मायंच डोकं उलटं फिरते, मले नाई जमलं."

मी म्हणाले, "थँक्यू भाऊ."

आता कुठेही ब्लोअर दिसला की माझे पाय आपोआप मोटरकडे जातात. उजवीकडे की डावीकडे, बघते. मग परत बघते. लोकांना वाटतं, काय मन लावून काम करते बाई!

तो पंखा अजून चालू आहे. विलासभाऊ अजून साईटवर आहे. त्याचं टेबल खिडकीजवळ होतं, उजेड चांगला येतो तिथे. त्या टेबलावर आता मी बसते.