यागोदाची पट्टी आणि आईचा आयवार

निश शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत आधी यागोदाचं हसू येतं, मग यागोदा. बाजारातली अळंबी वाटायची, त्यातलं एन्झाइम काढायचं आणि सोन्याचे डोळ्यांना न दिसणारे कण लावलेल्या बोटभर पट्टीवर ते बसवायचं, हा तिचा चार वर्षांचा उद्योग.

"सूप कधी गं?" आम्ही विचारायचो.

"हसा! अन्न टिकवायची पूड असली की हे एन्झाइम सुस्तावतं आणि पट्टीतून येणारी वीज घसरते. माझ्या पट्टीला कुणी फसवू शकत नाही."

यंदा तिच्या गावच्या जत्रेतल्या आयवार स्पर्धेत तपासणीला तिलाच बोलावलं. आयवार म्हणजे भाजलेल्या लाल मिरच्यांची, बरणीत भरून ठेवायची चटणी, आणि नियम एकच: पूड घालायची नाही. पट्टी भर जत्रेत चुकली तर चार वर्षांचे कष्ट पाण्यात. मीही सोबत गेले.

अकरा बरण्या निर्दोष निघाल्या. बारावी तिच्या आईची, स्तामेन्काची.

"तीस वर्षांत एका बरणीला बुरशी नाही. हाताचा गुण!" स्तामेन्का सगळ्यांना ऐकवत होती.

तिच्या बरणीत पट्टी बुडवली आणि मीटरवरचा आकडा धाडकन खाली आला. नवी पट्टी घेतली, तरी तेच. तिसरी, तेच. यागोदा पांढरीफटक पडली.

"आई, यात पूड आहे."

"मेली तुझी अळंबी! जन्मदात्या आईला चोर म्हणतेस?"

"पट्टी बिघडली असेल, सोड ना," पंच कुजबुजले.

यागोदाचे डोळे भरले, पण ती हटली नाही. "पट्टी बरोबर आहे."

तेवढ्यात तिचे वडील, ब्लागोये, टोपी काढून पुढे आले. "बरोबरच आहे. मी घालतो. ही तळघरात झाकणं आणायला गेली की, दरवर्षी. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सगळ्या बरण्यांना बुरशी आली आणि ही तीन दिवस रडली. मला नाही बघवत."

यागोदानं टुणकन उडी मारली. "बरोबर! पट्टी बरोबर!" तिनं बापाला मिठी मारली, पंचांना मारली, मला तर गरागरा फिरवलं. मला हसू आवरेना.

स्तामेन्कानं बरणी उचलली. आम्ही दोन पावलं मागे सरलो, ब्लागोये चार.

"माझं नाव खोडा," ती पंचांना म्हणाली आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईकडे वळली. "ऐकलंस का गं? माझ्या नवऱ्यानं घातलीय. तीस वर्षं! माझ्या डोळ्यांत पाणी नको म्हणून. तुझ्या नवऱ्यानं कधी चमचा तरी धुतलाय का?"

मग ती पुढच्या टेबलाकडे निघाली.